ओपन इलेक्टिव्हला स्वयमचा कोर्स घेताय? आधी रकाना बघा

डोलवीवरून मी बोलतेय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिहिलेलं रूप.

कॉलेजचे ॲडमिशन सुरू झाले की माझ्या व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "ताई, ओपन इलेक्टिव्हचे क्रेडिट ऑनलाइन काढायचेत. सगळ्यात सोपा कोर्स कुठला?" विचारणारे कोण, तर पेणला बी.कॉम. करणारी मुलगी, रोह्याहून ट्रेनने येणारा मुलगा, नाहीतर वडखळच्या बाजूला शिफ्टमध्ये काम करून डिग्री पुरी करणारा कोणीतरी. वर्गात रोज बसणं यांना जमत नाही, त्यामुळे ऑनलाइन क्रेडिट ही त्यांची चैन नाही, गरज आहे. म्हणून मी उलटा प्रश्न विचारते: सोपा कोर्स नंतर शोधू, आधी तुझ्या डिग्रीत नेमका कुठला रकाना रिकामा आहे ते सांग.

हे रकाना प्रकरण काय आहे?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ ला पदवीच्या आराखड्याचा निर्णय काढला. २०२४-२५ पासून तो संलग्न कॉलेजांना लागू झाला. रायगडातली बहुतेक कला, वाणिज्य आणि विज्ञान कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, म्हणजे आपल्यालाही तो लागू. त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात आणि ते वेगवेगळ्या खणांत वाटलेले असतात. मेजर, मायनर, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान परंपरा वगैरे. त्यातलाच एक खण ओपन इलेक्टिव्हचा. त्याला साधारण १० ते १२ क्रेडिट आहेत.

यातली अट नीट ऐका. ओपन इलेक्टिव्ह तुमच्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचं हवं. म्हणजे कॉमर्सच्या मुलीने "अकाउंट्स मला येतंच" म्हणून अकाउंट्सचा कोर्स केला, तर सर्टिफिकेट छान मिळेल, पण ओपन इलेक्टिव्हचा खण रिकामाच राहील. नावात "ओपन" असलं तरी दार सगळीकडे उघडं नाही.

स्वयम म्हणजे नेमकं काय मिळतं?

स्वयम हा केंद्र सरकारचा मंच, ९ जुलै २०१७ ला सुरू झालेला. त्याच्यामागे नऊ राष्ट्रीय समन्वयक संस्था आहेत. अभियांत्रिकी आणि विज्ञानाचे पुष्कळसे कोर्स एनपीटेलचे, पदवीचे बिगर-तांत्रिक विषय सीईसीचे. एनसीईआरटी आणि एनआयओएसचे कोर्स शाळेच्या पातळीचे असतात, ते पदवीच्या क्रेडिटसाठी बघत बसू नका.

शिकणं फुकट आहे. पैसे लागतात ते परीक्षेला. एनपीटेलची फी बरीच वर्षं एका कोर्सला १००० रुपये राहिली आहे, काही प्रवर्गांना त्यात सवलत असते. आणि परीक्षा घरी बसून मोबाइलवर नसते. ठरलेल्या केंद्रावर जाऊन कम्प्युटरवर द्यायची असते.

काही जण विचारतात, मला विषय आधीच येतो, तर थेट परीक्षा देऊन क्रेडिट घेता येतील का? अमेरिकेत तशी सोय आहे. १९६७ पासून तिथे क्लेप नावाच्या परीक्षा चालतात. गुण २० ते ८० मध्ये देतात आणि ५० मिळाले तर क्रेडिट द्यावेत अशी तिथली शिफारस आहे. घरी स्पॅनिश बोलणारा मुलगा वर्गात न बसता स्पॅनिशची परीक्षा देऊन मोकळा होतो. अर्थात क्रेडिट मानायचे की नाही हे तिथेही कॉलेजच ठरवतं. स्वयमवर मात्र थेट परीक्षेचा रस्ता नाही. आठवड्याच्या असाइनमेंट वेळेत द्याव्याच लागतात. विषय येत असेल तर मेहनत कमी पडेल, पण हजेरी चुकत नाही.

आता निवडायचं कसं? मी चार चाळण्या लावते, आणि याच क्रमाने.

पहिली चाळणी क्रेडिटची. एनपीटेलमध्ये ४ आठवड्यांच्या कोर्सला १, ८ आठवड्यांच्या कोर्सला २ आणि १२ आठवड्यांच्या कोर्सला ३ क्रेडिट धरतात. आता तुमचा पेपर बघा. तो २ क्रेडिटचा असेल तर ८ आठवड्यांचा कोर्स बरोबर बसतो. पेपर ४ क्रेडिटचा असेल तर १२ आठवडे घासूनही १ क्रेडिट कमी पडतो! मग ८ आठवड्यांचे दोन कोर्स जोडून चालतील का, की उरलेला १ क्रेडिट कॉलेज वेगळा देईल, हे आधी विचारा. दोन कोर्स म्हणजे फी दोनदा आणि परीक्षाही दोनदा, हेही धरून चाला.

दुसरी चाळणी मान्यतेची. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात. ही वरची मर्यादा आहे. तिचा अर्थ "मी कुठलाही कोर्स केला तरी कॉलेजने घ्यायलाच हवा" असा होत नाही. कुठले कोर्स चालतील ते संस्था ठरवते. म्हणून परीक्षेची फी भरण्याआधी कॉलेजच्या स्वयम समन्वयकाला किंवा विभागप्रमुखांना कोर्सचं नाव, आठवडे, क्रेडिट आणि कुठल्या पेपरच्या जागी तो धरायचा, एवढं लिहून द्या आणि उत्तरही लेखी घ्या. एक ई-मेल पुरे. "सर म्हणाले होते चालेल" हे वर्षभराने परीक्षा विभागात कोणी ऐकत नाही, तोवर सरही बदललेले असतात.

तिसरी चाळणी गुणांची. एनपीटेलमध्ये असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण. सर्टिफिकेटसाठी असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात, दोन्ही वेगवेगळे. असाइनमेंटमध्ये पैकीच्या पैकी २५ आणि परीक्षेत २९ आले, तर बेरीज ५४ होते, पण हातात काही पडत नाही. दिलासा असा की १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंटच धरतात आणि ८ आठवड्यांच्या कोर्समध्ये ६. नाइट शिफ्टचा एखादा आठवडा बुडाला तर लगेच कोर्स सोडू नका.

चौथी चाळणी कॅलेंडरची, आणि ही आपल्या भागाला फार लागू आहे. कोर्स वर्षातून दोनदा सुरू होतात, जुलैत आणि जानेवारीत. पेण आणि आसपासच्या गावांतली किती मुलं जुलै-ऑगस्टमध्ये गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाला बसतात, ते मी वेगळं सांगायला नको. नेमक्या त्याच दिवसांत जुलैच्या कोर्सच्या असाइनमेंट सुरू असतात. घरात मूर्तींचं काम असेल तर जानेवारीचं सत्र बरं, पण मग परीक्षा कॉलेजच्या सेमिस्टर परीक्षेच्या जवळ येते. दोन्ही तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि मगच ठरवा. आणखी एक गोष्ट, कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेचा फॉर्म भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्स पुरा केला आणि फॉर्मची तारीख गेली, तर क्रेडिट नाहीत.

खर्चही इथेच मोजा. परीक्षा केंद्र आपल्या गावात नसतं. यादीतून शहर निवडावं लागतं, आपल्याला मुंबई-नवी मुंबईचीच बाजू सोयीची. सकाळचं सत्र ९ ला सुरू होतं, दुपारचं २ ला. डोलवीहून ९ ला पोचायचं तर पहाटे निघावं लागेल, म्हणून पर्याय असेल तर दुपारचं सत्र घ्या. फी, एसटी किंवा ट्रेन, जेवण आणि ठेकेदाराकडे कामाला असाल तर त्या दिवसाची बुडालेली हजेरी, ही सगळी बेरीज म्हणजे त्या "फुकट" कोर्सची खरी किंमत.

या चार चाळण्यांतून सहसा पाच-सहाच कोर्स खाली उरतात. त्यांतून सोपा निवडायला आता हरकत नाही. पण "सोपा" हे नावावरून ठरवू नका. पायथनचा "जॉय ऑफ कम्प्युटिंग" नावाचा १२ आठवड्यांचा कोर्स खूप मुलं घेतात. ज्याने शाळेत थोडं कोडिंग केलंय त्याला तो मजेचा जातो. ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे, त्याने सराव कुठे करणार हे आधी ठरवावं. एनपीटेलच्या जुन्या कोर्सची लेक्चर्स फुकट बघता येतात, तेव्हा पहिल्या आठवड्याचं लेक्चर सोडा, मधल्या आठवड्याचं उघडा. ते वीस मिनिटं न थांबवता समजलं, तर कोर्स तुमच्या आवाक्यातला आहे. इंग्रजी अडत असेल तर काही कोर्सची लिखित भाषांतरं मराठीतही आहेत, तीही तपासा.

शेवटी क्रेडिट साठवायची जागा. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, २०२१ मध्ये सुरू झाली. डिजिलॉकरमधून तिचं खातं उघडता येतं आणि क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतात. मध्येच शिक्षण सोडावं लागलं, लग्न झालं, नोकरी लागली, तरी कमावलेलं वाया जात नाही, याचा आपल्याकडच्या मुलींना मोठा आधार आहे. फक्त स्वयम, कॉलेज आणि आधार या तिन्हीकडे तुमचं नाव एकसारखं असू द्या. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही नोंद अडू शकते.

आजचं काम एवढंच. कॉलेजच्या अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा, ओपन इलेक्टिव्हच्या पेपरचे क्रेडिट आणि सेमिस्टर एका कागदावर उतरवा आणि त्याचा फोटो मला पाठवा. आलेल्या फोटोंतले तीन-चार घेऊन पुढच्या भागात आपण एकेक कोर्स लावून बघू. चला, भेटूया!