शिप्रेच्या बेटावरील कालियादेह महाल

उज्जयिनीस येणारा यात्रेकरू महाकालाचे दर्शन, रामघाटावरील स्नान आणि फार तर सवाई जयसिंहाची वेधशाळा एवढ्यावर कृतार्थ होऊन परततो. परंतु नगराच्या उत्तरेस काही मैलांवर, जेथे शिप्रा दुभंगून एका बेटास वेढा घालते, तेथे माळव्याचा सुलतान नासिरुद्दीन खिलजी याचा जलमहाल उभा आहे, याची त्यास बहुधा वार्ताही नसते.

या वास्तूचे मर्म तिच्या घुमटापेक्षा तिच्या पायथ्याशी अधिक आहे. नदीचा एक प्रवाह अडवून फरसबंद पात्रातील कुंडांत घेतलेला. लोक त्यांस ‘बावन कुंड’ म्हणतात. आणि एका कुंडातून दुसऱ्यात उतरताना पाणी अरुंद, वळणावळणाच्या दगडी पाटांतून असे खेळविलेले, की काठी विसावणाऱ्यास वैशाखातही गारवा लाभावा. मांडूच्या नीलकंठातील नागमोडी पाट ज्याने पाहिला असेल, त्यास ही विद्या कोठली हे निराळे सांगणे नलगे.

अकबर व जहांगीर यांच्या आगमनाचे फार्सी शिलालेख येथे आहेत. १६१७ साली याच परिसरात जहांगीर जदरूप गोसाव्याच्या भेटीस गेला, आणि त्याच साली मांडूस पोहोचल्यावर, पित्यास विष दिल्याचा आरोप असलेल्या नासिरुद्दीनाच्या कबरीस त्याने लाथ हाणून अस्थी नर्मदेत फेकविल्या. स्वतः बापाविरुद्ध बंड करून चुकलेल्या पुत्राचा हा धर्मनिष्ठ संताप वाचताना हसू आवरत नाही.

पुढे पेंढाऱ्यांच्या धामधुमीत महालाची वाताहत झाली. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरीस नेली, तरी उज्जैन शिंदेशाहीच्याच अमलात राहिले, आणि १९२० साली माधवराव शिंद्यांनी या महालाचा जीर्णोद्धार करविला. नदीकाठच्या प्रासादांचे हे प्राक्तनच असावे.

पण दगड सांधता येतो, प्रवाह नव्हे. ग्रीष्मात शिप्रा आटू लागली, आणि पाण्यावाचून बावन कुंडे म्हणजे केवळ कोरडे हौद. अखेर २०१४ साली ओंकारेश्वराकडून उपसा करून पाणी शिप्रेच्या उगमाशी सोडण्यात आले. अर्थात नासिरुद्दीनाच्या अस्थी जिच्यात फेकल्या, त्याच नर्मदेचे.