दुर्बिणीवरचे दोन आकडे

दुर्बिणीच्या अंगावर दोन आकडे कोरलेले असतात: ८×४२, १०×५०, ८×२५. पहिला आकडा विवर्धनाचा, म्हणजे वस्तू किती पट जवळ आल्यासारखी दिसेल ते सांगणारा. दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. लोहगडाच्या विंचूकाट्यावर उभे राहिले की पवनेच्या पाण्यापलीकडे तुंगचा सुळका दिसतो. सरळ रेषेत तो सुमारे ६ किलोमीटरवर आहे. आठ पटींच्या दुर्बिणीतून तोच पाऊण किलोमीटरवर असल्यासारखा भासतो. दुकानात शिरलेले गिऱ्हाईक बहुधा या पहिल्या आकड्यावरच डोळा ठेवून असते आणि फसते तेही तिथेच. मावळासारख्या ढगांच्या, पावसाच्या आणि झाडीच्या मुलखात दुसरा आकडा जास्त मोलाचा ठरतो. त्याहूनही मोलाची आहे ती आकड्यांत न मावणारी गोष्ट: दुर्बिणीच्या आत पाण्याची वाफ शिरते की नाही.

दुर्बिणीची मूळ रचना अगदी साधी आहे. पुढचे मोठे भिंग, म्हणजे वस्तुभिंग, दूरच्या दृश्याची एक लहानशी प्रतिमा नळीच्या आत तयार करते. डोळ्याजवळचे भिंग, म्हणजे नेत्रिका, ही प्रतिमा मोठी करून दाखवते. वाचनाचे भिंग पोथीवर धरावे तसेच हे काम. वस्तुभिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की विवर्धन मिळते. ही दोन बहिर्गोल भिंगांची मांडणी योहानेस केप्लरने १६११ मध्ये मांडली. तिच्यात एकच खोट होती, प्रतिमा उलटी दिसते. आकाशातल्या ताऱ्याला डोके-पाय नसल्याने खगोलशास्त्रज्ञांचे त्यामुळे काही अडले नाही. पण कड्यावर बसलेला सर्पगरुड उलटा लटकलेला दिसून कसे चालेल?

प्रतिमा सुलटी करण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग, दोन भिंगांच्या मध्ये आणखी काही भिंगे बसवून प्रतिमा पुन्हा एकदा उलटी करायची. त्यामुळे नळी लांब होते, पण सरळ राहते. रायफलीवर बसवतात ती एकनळी दुर्बीण याच घराण्यातली. तिच्या आत, जिथे प्रतिमा तयार होते नेमक्या त्याच पातळीवर, उभी-आडवी फुली बसवलेली असते, म्हणून लक्ष्य आणि फुली दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. प्रतिमा आणि फुली यांच्या पातळ्यांत फरक पडला तर डोळा जरा हलताच फुली लक्ष्यावरून सरकते. बाहेरच्या दोन खुंट्या फिरवल्या की आतली सुलटी करणारी भिंगे किंचित कलतात आणि नेम वर-खाली, डावा-उजवा करता येतो. बंदूक उडाली की मागे दणका बसतो, म्हणून ही दुर्बीण डोळ्यापासून आठ-दहा सेंटिमीटर दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसेल अशी बनवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा शौक संपला, त्यामुळे मावळच्या रानात या दुर्बिणीला काम उरलेले नाही. नेमबाजीच्या मैदानावरही तिला मज्जाव आहे: कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले, ते विवर्धन करणाऱ्या दुर्बिणीशिवाय, बारीक छिद्रातून नेम धरून.

दुसरा मार्ग लोलकांचा. काचेच्या लोलकांत प्रकाशाला चार-सहा कोलांट्या मारायला लावून प्रतिमा सुलटी करायची. इटलीच्या इग्नात्सिओ पोरोने १८५४ मध्ये ही युक्ती काढली आणि त्याच शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या झाइसने तिच्यावरून आजची दोनडोळी दुर्बीण बाजारात आणली. प्रकाशाची वाट लोलकांतच दुमडली गेल्याने नळी आखूड झाली. पोरो पद्धतीची दुर्बीण लगेच ओळखू येते: पुढची भिंगे एकमेकांपासून लांब, मागची जवळ, मध्ये रुंद खांदे. जुन्या हिंदी सिनेमातल्या सेनापतीच्या हातात असते तीच. दुसरी, छपरासारख्या लोलकांची, दोन सरळ नळ्या शेजारी ठेवल्यासारखी दिसते. ती सुबक आणि हलकी असते. पण तिच्या लोलकावर सूक्ष्म लेप नसेल तर प्रतिमेचा रेखीवपणा थोडा कमी होतो. स्वस्तात स्वच्छ प्रतिमा हवी तर पोरो बरी. मात्र तिचा फोकस बदलताना नेत्रिका बाहेर-आत सरकतात आणि त्या फटीतून ओल शिरते. वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात ही फट परवडत नाही.

आता दुसऱ्या आकड्याकडे. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे पाहिले की नेत्रिकेत एक लहानशी तेजस्वी चकती दिसते. दुर्बिणीने गोळा केलेला सगळा प्रकाश या चकतीतून बाहेर पडतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की तिचा व्यास मिळतो: ८×४२ मध्ये सव्वापाच मिलिमीटर, १०×२५ मध्ये अडीच. डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दुपारी बाराला दोन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. दुकानदाराने रस्त्यावर नेऊन दाखवली की गिऱ्हाइकाला फरक कळत नाही तो यामुळे.

फरक कळतो कार्ल्याच्या चैत्यगृहात. एकवीरा आईच्या देवळाला लागून असलेल्या या लेण्यात पाऊल टाकले की बाहेरचा उजेड मागे राहतो. दोन्ही बाजूंच्या खांबांवर हत्तींवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी कोरली आहेत आणि त्यांच्याही वर, सुमारे चौदा मीटर उंचीवर, छताच्या लाकडी कमानी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेले हे लाकूड अजून जागेवर आहे. या अंधुक उजेडात बाहुली पाच मिलिमीटरपर्यंत उघडते. अडीच मिलिमीटरची चकती तिचा जेमतेम चौथा हिस्सा भरते. जोडप्यांचे चेहरे करड्या धुक्यात बुडतात. सव्वापाचची चकती बाहुली पूर्ण व्यापते आणि दागिन्यांच्या कडा, लाकडाचे सांधे वेगळे दिसू लागतात. जुलैमधल्या ढगाळ संध्याकाळी ओढ्याकाठी शिळकरी कस्तूर पाहतानाही हेच घडते. नुसत्या डोळ्याला हा पक्षी काळा वाटतो. त्याच्या कपाळावरचा आणि खांद्यावरचा चमकदार निळा रंग दिसायचा तर पुरेसा प्रकाश डोळ्यापर्यंत पोचावा लागतो.

मग ४२ ऐवजी ५० किंवा ५६ का घेऊ नये? घ्यावी, पण गळ्यात कोण बाळगणार? ८×४२ चे वजन साधारण सहाशे ते आठशे ग्रॅम, ७×५० चे किलोच्या घरात. मळवलीच्या स्टेशनावरून भाज्यामार्गे लोहगड चढताना हा फरक मानेला जाणवतो. वयाचाही हिशोब आहे. तरुणाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर ती पाचाच्या आसपास थांबते. त्याहून मोठ्या चकतीतला प्रकाश वाया जातो.

जास्त विवर्धनाचा मोह आवरावा, कारण दुर्बीण दृश्याबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढवते. आठ पटींपर्यंत बहुतेकांचा हात टिकतो, दहा पटींना सराव लागतो, त्यापुढे तिकाटणे हवेच. शिवाय विवर्धन वाढले की दिसणारा पट्टा अरुंद होतो. आठ पटींच्या चांगल्या दुर्बिणीत हजार मीटरवरचा सुमारे १३० मीटर रुंदीचा भाग एकदम दिसतो, दहा पटींत साधारण ११५ मीटर. झाडीत फांद्या बदलत पळणारा स्वर्गीय नर्तक शोधताना हा फरक फार मोठा ठरतो. दुर्बीण डोळ्याला लागेपर्यंत पक्षी चौकटीबाहेर गेलेला असतो. आणि एप्रिल-मेच्या दुपारी खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवरून श्रीवर्धन आणि मनरंजन हे बालेकिल्ले पाहायचे तर तापलेली हवाच थरथरत असते. तेव्हा वीस पटींची दुर्बीण ती थरथर वीस पट करून दाखवते, बाकी काही नाही.

काचेवरच्या लेपाचे गणित मात्र समजून घेण्याजोगे आहे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. भिंगे आणि लोलक मिळून दुर्बिणीत असे सोळा पृष्ठभाग धरले, तर लेप नसताना डोळ्यापर्यंत जेमतेम निम्मा प्रकाश पोचतो. एवढेच नाही, परतलेला प्रकाश आतल्या आत भटकून सगळ्या दृश्यावर दुधी पडदा टाकतो. अनेक थरांच्या लेपाने हा तोटा दर पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्यावर येतो आणि नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश पार होतो. ट्यूबलाइटखाली भिंग तिरपे धरले की लेप ओळखता येतो: प्रतिबिंब मंद हिरवे किंवा जांभळट असेल तर चांगले, लख्ख पांढरे असेल तर लेप नाही. माणकासारखी लालभडक चमकणारी भिंगे दिसायला ऐटबाज असतात. त्यांतून दृश्यातला लाल रंग उणा होतो. ती घेऊ नयेत.

लोणावळ्याच्या पावसात दुर्बीण बाहेरून भिजते हे दुखणे किरकोळ. पुसली की झाले. खरे दुखणे आतून येते. दिवसा उबदार झालेल्या नळीत दमट हवा शिरते, संध्याकाळी गारवा पडला की तिचे दव होऊन भिंगाच्या आतल्या बाजूला चिकटते. तिथे फडके पोचत नाही. दोन-तीन पावसाळे असे गेले की भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसू लागतात. ती बुरशी. ती आधी लेप खाते, मग काच, आणि साफ केल्यावरही तिचा व्रण राहतो. यावर उपाय म्हणजे रबरी कड्यांनी सांधे बंद करून आत कोरडा नायट्रोजन भरलेली दुर्बीण. आत वाफच नसल्याने दव पडायला काही उरत नाही. खोक्यावर आयपीएक्स ७ लिहिलेले असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही पाणी आत जात नाही असा अर्थ होतो. नुसते ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे तुषार झेलणारी. मावळात ते पुरेसे नाही. नायट्रोजन बाहेरचे धुके थांबवत नाही, हेही लक्षात ठेवावे. एसी लावलेल्या गाडीतून खंडाळ्याच्या दमट हवेत उतरले की गार काचेवर लगेच वाफ धरते. पाच-दहा मिनिटे थांबणे हाच इलाज. शर्टाच्या टोकाने पुसत बसले तर धुळीचे कण लेपावर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग चष्म्याचे मऊ फडके.

घरी आल्यावर ओली दुर्बीण कातडी केसमध्ये कोंबणे ही सर्वांत महागडी सवय. ती रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवावी, मग सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. निळ्या जेलचे खडे गुलाबी झाले की त्यांनी पोटभर ओल प्यायली असे समजावे; मंद आचेवर परतले की ते पुन्हा निळे होतात. तांदळाच्या डब्यात दुर्बीण ठेवण्याचा घरगुती सल्ला मिळतो. त्याने ओल फारशी जात नाही, पीठ मात्र फोकसच्या चाकात जाते.

दुकानात एक पट्टी सोबत न्यावी. रस्त्यावर ‘३०×६०’ छापून विकल्या जाणाऱ्या दुर्बिणींचे आकडे कित्येकदा नुसती सजावट असतात. समोरच्या भिंगाचा व्यास मोजावा, मागच्या प्रकाशचकतीचा मोजावा आणि भागाकार करावा. भिंग ३२ मिलिमीटर आणि चकती चार निघाली तर विवर्धन आठच, छापलेले काहीही असो. चकती पूर्ण गोल दिसावी. तिच्या कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर लोलकांची काच हलकी. मग दूरच्या विजेच्या खांबाकडे पाच मिनिटे पाहावे. दोन नळ्या समांतर नसतील तर खांब क्षणभर दोन दिसतो, मग डोळे ओढून त्याचा एक करतात आणि कपाळ दुखू लागते. अशी दुर्बीण फुकट मिळाली तरी घेऊ नये. चष्मेवाल्यांनी चष्मा काढायची गरज नाही. नेत्रिकेवरचे रबरी कडे खाली करून पूर्ण वर्तुळ दिसते का ते पाहावे. त्यासाठी नेत्रिकेपासून निदान पंधरा मिलिमीटरवरून दृश्य दिसायला हवे. हा आकडा माहितीपत्रकात दिलेला असतो.

घेतलेली दुर्बीण डोळ्यांना जुळवणे हे बहुतेकांचे राहूनच जाते. उजवी नळी झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी पाटी स्पष्ट करावी. मग डावी झाकून, मधले चाक न हलवता, उजव्या नेत्रिकेवरचे कडे फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करावी. कडे जिथे थांबेल तिथली खूण लक्षात ठेवावी. पुढे फक्त मधले चाक फिरवायचे.

मावळात एकच दुर्बीण बाळगायची असेल तर ती नायट्रोजन भरलेली ८×४२ असावी. वजन झेपत नसेल तर ८×३२. दहा पटींची दुर्बीण कड्यांवरच्या शिकारी पक्ष्यांचेच वेड असेल त्याने घ्यावी. आणि लायन्स पॉइंटवर सूर्यास्त पाहताना मुलांच्या हाती दुर्बीण देण्याआधी सूर्य पूर्ण बुडू द्यावा. भिंगातून आलेला सूर्य क्षणात डोळ्याचा पडदा जाळतो आणि ती जखम दुखतही नाही.