एमजीबीचं पुढचं सस्पेन्शन खोलताना

जुनी एमजीबी वळणावर भरकटायला लागली, की मालक आधी टायरला दोष देतो. दुखणं बरेचदा चाकांमागे असतं.

इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात बनलेल्या या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनची रचना साधी, पण मजेशीर आहे. खाली विशबोन आणि कॉइल स्प्रिंग. वर मात्र वेगळी विशबोन नाहीच. तिचं काम लीव्हर-आर्म डँपर करतो. म्हणजे एकच भाग धक्केही जिरवतो आणि चाकही धरून ठेवतो. त्याचं बेअरिंग झिजलं, की तेल गळतं आणि चाकाचा कोनही बिघडतो.

स्टिअरिंग फिरवलं की चाक किंगपिनभोवती वळतं. त्याला दर 3,000 मैलांनी ग्रीस द्यायचं, तेही गाडी जॅकवर उचलून. चाकावर भार असला तर ग्रीस नेमक्या जागी पोचत नाही. कंटाळा करणाऱ्यांचे किंगपिन लवकर जातात. किंगपिनचे नवे बुश बसवल्यावर रीमरने मापाला आणावे लागतात. ते काम वर्कशॉपकडेच द्यावं.

खोलताना जपायचं ते स्प्रिंगला. ती दाबलेली असते, निसटली तर हात मोडेल. गाडी मजबूत स्टँडवर, स्प्रिंग पॅनखाली जॅक. वरचा बोल्ट निघाला की जॅक अगदी सावकाश उतरवायचा.

खालच्या विशबोनच्या मूळ रबरी बुशऐवजी अनेक हौशी मंडळी एमजीबी जीटी व्ही8 चे बुश घालतात. रस्त्यावरच्या गाडीला हेच उत्तम. मात्र त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच पक्के आवळावेत.