नाचणाऱ्या माणसाची रेषा



चित्रकला शिकणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव हटकून येतो. उभा असलेला माणूस साधतो, बसलेलाहि साधतो. पण तोच माणूस नाचूं लागला कीं आपला हात अडखळतो. कागदावर हातपाय उतरतात, अंगावरच्या वस्त्राच्या चुण्याहि उतरतात, फक्त नाच तेवढा मागें राहतो. पेन्सिलीनें काढीत असतां ही उणीव रबरानें आणि छायेनें कशीबशी झांकतां येते. शाईनें काढूं लागल्यावर ती सोयहि राहत नाहीं, कारण शाईची रेघ एकदां पडली कीं पडली. म्हणून नाचणाऱ्या माणसाचें शाईनें चित्र काढणें ही चित्रकाराची एक कसोटीच आहे. या कसोटीला कसें उतरावें याविषयीं आज आपणांशीं चार शब्द बोलणार आहें. आणि त्यासाठीं एखाद्या कलाशाळेचा दाखला न घेतां डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील वारली लोकांच्या भिंतींचा दाखला घेणार आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं डहाणूच्या पूर्वेकडील एका पाड्यावर मी तारप्याचा नाच पाहत बसलों होतों. मांडीवर वही होती, हातांत कुंचला होता. शरीररचनेचा अभ्यास केलेला असल्यामुळें स्नायु आणि सांधे बिनचूक उतरत होते, आणि त्याचा मला थोडा अभिमानहि वाटत होता. शेजारीं बसलेल्या एका आजींनीं वहींत डोकावून पाहिलें आणि अगदीं साधेपणानें विचारलें, कीं हा माणूस कोठें चालला आहे? मला उत्तर देतां येईना. माझा माणूस कोठेंच चालला नव्हता. तो कागदांत अडकून पडला होता. मग आजींनीं समोरच्या धुळींत बोटानें दोन त्रिकोण काढले, चार काड्यांसारख्या रेघा ओढल्या, आणि तो धुळींतला माणूस चटकन् चालूं लागला. माझी इतक्या वर्षांची विद्या त्या बोटापुढें फिकी पडली. तेव्हांपासून मी जें शिकलों तें आपणांस सांगतों.

प्रथम त्या आकृतीची घडण पाहूं. वारली चित्रांतील माणूस दोन त्रिकोणांचा असतो. वरचा त्रिकोण उलटा. त्याची रुंद बाजू म्हणजे खांदे. खालचा त्रिकोण सुलटा. त्याची रुंद बाजू म्हणजे कंबरेखालचा घेर. दोहोंचीं टोंकें जेथें एकमेकांना भिडतात ती कंबर. डोक्याला एक वर्तुळ, हातापायांना साध्या रेघा, आणि बाई असेल तर डोक्यामागें अंबाड्याचा एक ठिपका. नाक नाहीं, डोळे नाहींत, बोटांचीं नखें नाहींत. प्रथमदर्शनीं ही लहान मुलाची चित्रकला वाटते. परंतु थोडा विचार केला म्हणजे तिच्यांतील शहाणपण ध्यानांत येतें. मनुष्याच्या धडांत दोनच मोठे, न वांकणारे भाग आहेत: एक छातीचा पिंजरा, दुसरा कटीचा. नाच म्हणजे या दोन भागांनीं एकमेकांशीं केलेला संवाद होय. भार उजव्या पायावर पडला कीं कटीची उजवी बाजू वर उचलली जाते आणि तोल राखण्याकरितां उजवा खांदा खालीं येतो. दोन त्रिकोण एकमेकांविरुद्ध कलते केले कीं ही सारी गोष्ट सांगून होते. कंबर हा केवळ एक बिंदु ठेवल्यामुळें तेथें बिजागरी तयार होते, आणि वरचा त्रिकोण हवा तिकडे फिरूं शकतो. आम्हीं स्नायूंच्या गर्दींत जी बिजागरी हरवून बसतों, ती या भिंतीवर उघडी ठेवलेली असते.

ही कला मुळांत करमणुकीची नव्हे. वारली घरीं लग्न असलें म्हणजे सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. शेणामातीनें सारवलेल्या, गेरूनें रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठांत पाणी कालवून केलेला पांढरा रंग, आणि लिहावयास बांबूची बारीक काडी, जिचें टोंक चावून मऊ केलेलें असतें. चौकाच्या मध्यभागीं पालघाट देवी असते. शेजारच्या लहान चौकांत पंचशिऱ्या देव. हा चौक लिहिल्यावांचून आणि धवलेरीनें गाणीं म्हटल्यावांचून लग्न लागत नाहीं. चौकाभोंवतीं मग झाडें, जनावरें, डोंगर, आणि तारप्याभोंवतीं फेर धरणारीं माणसें येतात. म्हणजे रेघ ओढणारी बाई देवीच्या साक्षीनें ती रेघ ओढीत असे. चुकलेली रेघ पुसून टाकण्याची मुभा तिलाहि फारशी नव्हती. शाईनें लिहिणाऱ्याची आणि तिची स्थिति या बाबतींत अगदीं सारखी आहे.

आतां आपल्या कामाकडे वळूं. साहित्य फार लागत नाहीं. आपल्या वाडवडिलांनीं काजळ आणि डिंक घोटून जी शाई केली, तिच्याच जातीची काळी शाई बाजारांत मिळते. लिहावयास बोरू, टाक किंवा कुंचला, यांपैकीं कांहींहि चालेल. माझी शिफारस मात्र बांबूच्या काडीची आहे. काडीचें टोंक ठेंचून वा चावून तंतुमय करावें. अशी काडी शाई थोडीच धरते, त्यामुळें रेघ आरंभीं ओली व जाड आणि शेवटीं कोरडी व बारीक पडते. रेघेचा हा चढउतार म्हणजेच तिचा श्वास. कागद किंचित् खरखरीत असावा. अगदीं गुळगुळीत कागदावर शाई घसरते, आणि पाणी पिणाऱ्या कागदावर ती पसरते.

पहिली दहा मिनिटें कांहींच काढूं नये. नाचणाऱ्यांकडे डोळे किंचित् मिटून पाहावें, म्हणजे बारीकसारीक तपशील पुसला जाऊन मोठे आकार शिल्लक राहतील. बसल्याजागीं पायानें ठेका धरावा. ज्याच्या पायांत ठेका नाहीं त्याच्या रेघेंत तो येणार कोठून? यानंतर प्रत्येक आकृतीपूर्वीं मनाशीं एकच प्रश्न विचारावा: भार कोणत्या पायावर आहे? गळ्याखालच्या खळगीपासून एक ओळंबा सोडला आहे अशी कल्पना करावी. एका पायावर स्थिर उभ्या राहिलेल्या माणसाचा ओळंबा त्या पायाच्या पावलावर पडतो. नाचणारा पुढें झेंप घेत असतो तेव्हां ओळंबा पावलाच्या पुढें जातो, आणि नेमक्या त्या पडूं पाहण्यांतच गति असते. माझ्या वहींतल्या माणसाचा ओळंबा दर वेळीं दोन पावलांच्या मधोमध पडत होता. म्हणूनच तो कोठेंहि जात नव्हता. आजींच्या प्रश्नाचें मर्म तें होतें.

मग काडी शाईंत बुडवून वरचा त्रिकोण एका दमांत भरावा, लगेच खालचा, त्याच्या उलट कलता. नंतर भार घेतलेला पाय, मग मोकळा पाय, मग हात, आणि सर्वांत शेवटीं डोकें. डोकें शेवटीं काढण्याचें कारण असें, कीं तें प्रथम काढलें म्हणजे आपण नकळत चेहरा रंगवूं लागतों आणि नाच विसरतों. हात मनगटांतून न हलवितां खांद्यांतून हलवावा. मनगटाची रेघ अक्षर होते. खांद्याची रेघ हालचाल होते. एका आकृतीस अर्ध्या मिनिटापेक्षां अधिक वेळ देऊं नये. बिघडली तर तिच्यावर पुन्हां गिरवूं नये. शेजारीं दुसरी काढावी. पन्नास आकृतींपैकीं चार जिवंत उतरल्या तर दिवस सार्थकीं लागला असें समजावें.

एकट्या माणसाहून फेर काढणें अधिक कठीण. तारपा हें वाद्य सुकलेल्या दुधीभोपळ्याचें, बांबूच्या नळ्यांचें आणि मेणाचें करतात, व त्याच्या टोंकाला ताडाच्या पानांचा कर्णा असतो. वाजविणारा श्वास न तोडतां फुंकत राहतो, म्हणून सूरहि तुटत नाहीं. नाचणारे एकमेकांच्या कंबरेभोंवतीं हात गुंफून साखळी करतात आणि त्याच्या भोंवतीं फिरतात. चित्रांत ही साखळी बहुधा बंद वर्तुळ नसते. गोगलगाईच्या पाठीवरील वळशाप्रमाणें ती आंत वळत जाते आणि तिचें शेपूट मोकळें राहतें. त्या मोकळ्या टोंकांतून आणखी कोणी येऊन मिळूं शकतें. शाईनें हा फेर काढतांना प्रथम पाण्यासारख्या फिकट शाईनें वळसा ओढून घ्यावा आणि मग त्यावर माणसें उभीं करावीं. दोन माणसांमधील अंतर सारखें ठेवूं नये. जेथें फेर वेग घेतो तेथें तीं एकमेकांना चिकटतात. मध्यभागींची पांढरी जागा मात्र मोकळी सोडावी. तारप्याचा सूर तेथें राहतो.

ही अडचण एकट्या आपलीच आहे असें नव्हे. १९०६ सालीं कंबोडियाचा राजा सिसोवाथ फ्रान्सला गेला तेव्हां त्याच्याबरोबर दरबारच्या नर्तकीहि गेल्या होत्या. रोदां हा जगप्रसिद्ध शिल्पकार त्या वेळीं पासष्ट वर्षांचा होता. पॅरिसमध्यें त्यानें तो नाच पाहिला आणि तो इतका वेडावला कीं त्यांच्या मागोमाग थेट मार्सेयपर्यंत गेला. त्यानें सुमारें दीडशें चित्रें काढलीं. कागदाकडे न पाहतां, नजर नर्तकीवरच खिळवून रेघ ओढण्याची त्याला संवय होती. दगडांत आणि कांशांत स्नायूंची एवढी जाण दाखविणाऱ्या या माणसानें नाचापुढें येतांच तपशील टाकून दिला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. डहाणूच्या बाईला जें परंपरेनें ठाऊक होतें तेथें तो स्वतःच्या वाटेनें येऊन पोंचला.

वारली भिंतीवरची रेघ कागदावर आली ती गेल्या शतकाच्या आठव्या दशकाच्या आरंभीं. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागांत आले आणि त्यांनीं वारली लोकांच्या हातीं कागद दिला. त्यांत एक पुरुष पुढें आला. वास्तविक चौक लिहिण्याचा मान बायकांचा. त्याचें नांव जिव्या सोमा म्हसे. त्यांचा जन्म १९३४ सालचा, तलासरी तालुक्यांतील धामणगांवचा; पुढें ते डहाणूजवळील गंजाड येथें राहिले. लहानपणीं आई गेल्यावर त्यांनीं बोलणेंच सोडलें होतें आणि धुळींत चित्रें काढून ते आपलें मनोगत सांगत, असें त्यांच्याविषयीं सांगतात. बोलण्याऐवजीं रेघ वापरणाऱ्या मुलाची रेघ बोलकी झाली यांत नवल नाहीं. १९७६ सालीं त्यांस राष्ट्रीय पारितोषिक मिळालें, २०११ सालीं पद्मश्री. आणि २०१८ सालच्या मे महिन्यांत ते निवर्तले. मासे पकडण्याच्या जाळ्याचें त्यांचें एक चित्र प्रसिद्ध आहे. हजारों बारीक रेघांनीं विणलेलें तें जाळें वाऱ्यावर हलल्यासारखें वाटतें. आकृति लहान आणि रेघ साधी असली तरी तीं पुन्हां पुन्हां, पण दर वेळीं निराळीं, काढलीं म्हणजे काय घडतें तें त्या चित्रांत दिसतें.

येथें मला एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. वारली माणसाची पाठ एके काळीं वांकलेली होती. सावकार आणि जमीनदार यांच्या शेतावर फुकट राबावयाचें, यालाच वेठ म्हणत. १९४५ सालच्या मे महिन्यांत आज तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी या गांवीं हजारों वारली जमले आणि वेठ करणार नाहीं असें त्यांनीं ठरविलें. गोदावरी परुळेकर यांनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत ती हकीकत लिहून ठेविली आहे. चित्रकाराच्या भाषेंत सांगावयाचें तर वांकलेली पाठ आणि ताठ पाठ यांत फरक एका त्रिकोणाच्या कलाचाच असतो. परंतु त्या कलांत एका जातीचा सगळा इतिहास मावतो. आकृति काढतांना हें विसरतां कामा नये. आपण ज्याचें शरीर काढतों त्याच्या शरीरानें काय सोसलें आहे, हें रेघेला ठाऊक असावें लागतें.

आज हीं माणसें साड्यांवर, पिशव्यांवर, चहाच्या पेल्यांवर आणि सरकारी भिंतींवर सर्वत्र दिसतात. २०१४ सालीं वारली चित्रांस भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली आणि त्याच वर्षीं १ ऑगस्टला ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा झाला. नांव झालें, कांहीं घरांत पैसाहि आला, आणि त्याचा आनंदच मानला पाहिजे. परंतु पुष्कळशी छपाई पाहावी तर प्रत्येक नाचणारा एकाच ठशाचा, अंतर एकसारखें, आणि फेर बंद केलेला. ज्याला ठशानें काढतां येईल त्याला तारप्याची गरज उरत नाहीं. इकडे पाड्यांवर तारपा वाजविणारे कमी होत चालले आहेत. नाच संपला आणि चित्र तेवढें उरलें, तर तें चित्र कोणाचें आणि कशाचें राहील?

म्हणून आपल्यापैकीं ज्यांस हा छंद जडेल त्यांस माझें सांगणें एवढेंच आहे. वारली आकृतीची नक्कल करूं नका. ती त्यांची आहे. त्यांचें पाहणें मात्र शिकून घ्या. आपल्या गांवची दिंडी, कोळ्यांचा नाच, मंगळागौरीला फुगडी घालणाऱ्या मुली, यांच्यासमोर वही घेऊन बसा. भार कोणत्या पायावर आहे तें आधीं पाहा. आणि सुट्टीच्या दिवशीं डहाणूला जाणें झालें तर भात पिकण्याच्या दिवसांत जा, फेराच्या मोकळ्या टोंकाशीं उभे राहा, आणि कोणी हात पुढें केला तर वही खालीं ठेवून तो धरा. चित्र दुसऱ्या दिवशीं काढतां येईल, आणि त्या चित्रांतील माणूस कोठें चालला आहे हें तुम्हांस कोणी विचारलें तर तुम्हांला सांगतां येईल.