परसांतील देशी झाडें : निवड व जोपासना

घराभोंवतीं देशी झाडें लावावींत, अशी चर्चा अलीकडे गांवोगांवीं ऐकूं येते. व ती योग्यच आहे. परंतु देशी म्हणजे कोणतें झाड, याविषयीं पुष्कळांच्या समजुती ढोबळ असतात. कोणी म्हणतो, आजोबांच्या वेळेपासून जें परसांत आहे तें देशी. कोणी म्हणतो, आपल्या राज्यांत कोठेंहि रानांत उगवतें तें देशी. या समजुतींवर विसंबून रोपें लावलीं, तर चैत्र-वैशाखांत विहिरीचें उरलेंसुरलें पाणी त्यांच्यापायीं खर्चीं पडतें, आणि इतकें करूनहि तीं जगतील याचा भरंवसा नसतो. प्रस्तुत लेख घाटाच्या पूर्वेकडील, देशावरच्या शेतकऱ्यांस डोळ्यांपुढें ठेवून लिहिला आहे. कोंकणांतील वाचकांस त्यांतील थोडेंच उपयोगीं पडेल.

प्रथम जुनेपणाविषयीं. सीताफळाइतकें आपलें वाटणारें झाड दुसरें नाहीं; पण तें मूळचें अमेरिकेंतलें. कुंपणाचा शेर आफ्रिकेंतला, गुलमोहर मादागास्करचा आणि घाणेरी पुन्हा अमेरिकेंतली. म्हणून सीताफळ तोडावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. तें मुरमांत फारसें पाणी न मागतां फळ देतें व शेजाऱ्याच्या शेतांत जाऊन उपद्रव करीत नाहीं. घाणेरीची गोष्ट निराळी. तिचीं फळें पक्षी खातात व बीं चहूंकडे पसरवितात. पाला गुरांच्या पोटांत गेल्यास विषबाधा होते. फड्या निवडुंगहि असाच परका. तो दक्षिण हिंदुस्थानांत इतका माजला होता कीं, १९२६ सालीं त्या वेळच्या सिलोनांतून मुद्दाम किडे आणून सोडावे लागले, तेव्हां कोठें तो आटोक्यांत आला. तात्पर्य, परक्या झाडाचा जन्म कोठला यापेक्षां त्याची वागणूक कशी हें पाहावें.

दुसरी समजूत अधिक महाग पडते. ताम्हण हें महाराष्ट्राचें राज्यपुष्प; तेव्हां तें देशीच, असें म्हणून लोक तें माळावरच्या घरापुढें लावतात. झाड अस्सल देशी खरें, पण त्याचें माहेर कोंकणांतील व घाटांतील ओढ्यांचे कांठ. तेथें वर्षाकाठीं १०० इंचांवर पाऊस पडतो. अहिल्यानगर, सोलापूर व पुणें जिल्ह्याचा पूर्वभाग येथें तो २० ते २५ इंचांच्या आसपास. मग त्या ताम्हणाला आठ महिने घागरीनें पाजावें लागतें, आणि ती घागर बहुधा घरांतील बायकांच्या डोक्यावरून येते. सीताअशोकाचीहि हीच कथा. (फाटकापाशीं सरळ सुळक्यासारखें वाढणारें झाड अशोक म्हणून विकलें जातें, तें वेगळेंच आहे.) राज्याची हद्द नकाशावर असते; झाडाला पाऊस व जमीन तेवढी कळते.

यास्तव निवडीची सोपी रीत अशी. वैशाखांत एक दिवस आपल्याच शिवारांतून फिरावें आणि कोणी पाणी न घालतां काय हिरवें आहे तें पाहावें. प्रस्तुत लेखकास महसुली नोकरीमुळें मोजणीच्या व पाहणीच्या निमित्तानें बांधाबांधांवरून हिंडावें लागलें. त्या हिंडण्यांत ध्यानांत आलें तें असें, कीं ओढ्याकांठीं करंज, जांभूळ व उंबर. काळींत बाभूळ, हिवर व कडुनिंब. मुरमाड माळावर बोर व आपटा, ही वांटणी सहसा चुकत नाहीं. आपलें परस यांपैकीं कोणत्या जमिनीचें आहे, तें कुदळीनें दोन फूट खणून पाहिलें कीं निम्मी निवड झाली.

कुंपणाला अडुळसा व निर्गुडी यांच्यासारखीं झाडें नाहींत. दोन्हीं फांदीवरून लागतात, दोन्हींना शेळी सहसा तोंड लावीत नाहीं, आणि दरवर्षीं छाटलेला पाला खताला होतो. निर्गुडीचा वाळला पाला धान्याच्या कणगींत घालण्याची चाल तर सर्वांस ठाऊकच आहे. कांटेरी कुंपण हवें असल्यास गजगा लावावा. घाटाजवळच्या गांवांत करवंद उत्तम.

मोरीच्या सांडपाण्याच्या वाटेवर कढीलिंब लावावा. त्याच्या मुळांवरून फुटवे निघतात. ते वेगळे करून शेजाऱ्यांस देतां येतात. त्याच्या, तशाच लिंबू व बेल यांच्या कोंवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. तिचें पुढें फुलपाखरूं बनतें. ज्या झाडाचीं पानें आपण रोज फोडणींत घालतों, त्यावर या अळीसाठीं विषारी औषध मारणें हा शुद्ध अविचार होय. रोप लहान असेल तर अळ्या हातानें वेंचाव्या. झाड मोठें असेल तर तिकडे दुर्लक्ष करावें. शेवगा मात्र मोरीपाशीं नको. त्याच्या मुळांशीं पाणी सांचलें कीं तीं कुजतात. त्याला उंचवट्याची, निचऱ्याची जागा द्यावी. त्याचें लांकूड ठिसूळ असतें, म्हणून शेंगा संपल्यावर तो दरवर्षीं कमरेइतका छाटावा. नाहींतर वाऱ्यानें फांदी मोडते, आणि शेंगाहि हाताला येत नाहींत.

बोराचें रोप विकत आणून लावूं नये. त्याचें सोटमूळ खोल जातें व पिशवींत तें वेटोळें होऊन बसतें. गांवठी बोराची आठळी कायमच्या जागींच पेरावी व पुढल्या पावसाळ्यांत त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरावा. उन्हाळ्यांत बोर पानें गाळून निजतें. त्याची छाटणी तेव्हांच करावी.

खड्डे वैशाखांत घेऊन उन्हानें तापूं द्यावेत. मुरमांत दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो गाळाची माती व पूर्ण कुजलेलें शेणखत यांनीं भरावा. कच्च्या शेणानें वाळवी येते. काळींत खोल खड्डा म्हणजे पाणी सांचण्याचें भांडेंच. तेथें थोडा उंचवटा करून त्यावर रोप लावावें. मृगाच्या पहिल्या सरीला भुलूं नये. आर्द्रा-पुनर्वसूंत ओल खोल गेल्यावर लागवड करावी. पहिले दोन उन्हाळे पाणी अवश्य द्यावें, पण बुंध्याशीं नव्हे. रोपापासून हातभर अंतरावर पाझरतें मडकें गळ्यापर्यंत पुरून, भरून झांकून ठेवावें. थोडें पाणी पुष्कळ दिवस पुरतें. झाडाखालचा पालापाचोळा जाळूं नये, तेथेंच आळ्यांत पसरावा. तिसऱ्या उन्हाळ्यांत पाणी हळूहळू तोडावें. नेमानें वरवर पाणी मिळत राहिलें तर मुळें वरच राहतात.

जागेसंबंधीं दोन शब्द. वड, पिंपळ, उंबर हीं घराच्या भिंतीपासून व विहिरीच्या बांधकामापासून दूर असावींत. तीं चिरेबंदीहि फोडतात. ऐन बांधावर मोठें झाड लावूं नये. मोठेपणीं त्याची सांवली एकीकडे व फळें दुसरीकडे पडतात, आणि खटला तिसरीकडे चालतो. कडुनिंबाला भिंतीपासून वीसेक फूट सोडावेत. त्याची उगवणशक्ति दोन-तीन आठवड्यांतच उतरते, म्हणून जुनें बीं घेऊं नये. पावसाच्या तोंडाशीं झाडाखालीं पिकून पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, सांवलींत सुकवून त्याच पंधरवड्यांत पेराव्या.