औटकी ते साठ तीन

दिवेलागण झाली की आजोबा ओसरीवर येऊन बसत आणि आम्ही भावंडं समोर मांडी घालून परवचा म्हणायला लागायचो. पाढे तीसपर्यंत, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आजोबांना औटकीही, म्हणजे साडेतीनाचा पाढाही तोंडपाठ होता. शाळेत ते चौथीपलीकडे गेले नव्हते, पण सव्वा रुपया शेर भावाने अडीच शेर शेंगदाणे घेतले तर तीन रुपये दोन आणे हे त्यांना बोटंही न हलवता सांगता यायचं. घरातलं गणित बाजारातून यायचं आणि बाजारातच उपयोगी पडायचं.

१ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पुढच्या वर्षापासून शेर-मण जाऊन टप्प्याटप्प्याने किलो आले. बदल हवाच होता, हिशेब सोपे झाले. पण आजोबांची विद्या बघता बघता बिनकामाची ठरली आणि ओसरीवरचा परवचाही थांबला. ते फारसं काही बोलले नाहीत. त्यानंतर गणित म्हणजे शाळेतलं पुस्तक, एवढंच आमच्या घरात उरलं.

मला बीजगणिताची धास्ती होती, आणि ती मॅट्रिकनंतरही गेली नाही. मुलगी पहिलीत गेल्यावर रोज संध्याकाळी मी तिचा अभ्यास घ्यायचो. तिचं उत्तर चुकलं की माझा आवाज चढायचा. 'एवढंही येत नाही?' हे मी किती वेळा म्हणालो असेन! पुढे तिलाही गणित नकोसं झालं, तेव्हा मी ते नशिबावर ढकललं.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या एरिन मलोनी, शान बाइलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो पहिली-दुसरीतल्या मुलांचा होता. गणिताची धास्ती असलेले आईवडील वारंवार गृहपाठ घेत, तेव्हा मुलं वर्षभरात कमी शिकत आणि त्यांची स्वतःची धास्तीही वाढे. असेच आईवडील गृहपाठात फारसे नसले, तर हा परिणाम दिसत नव्हता. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. त्याआधी, २०१० मध्ये, सुझन लेव्हाइन यांच्या गटाने ४४ बाळांच्या घरचं बोलणं टिपलं होतं. साडेसात तासांत एका घरात संख्येचे शब्द चारदाच आले, तर दुसऱ्या घरात २५७ वेळा. जिथे आकडे जास्त बोलले गेले, तिथल्या मुलांना चौथ्या वर्षी संख्येचा अर्थ अधिक चांगला कळत होता. आमच्या ओसरीवर आजोबा नेमकं हेच करत होते, असं मला वाटतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'बरोबर 'साठ तीन' आलं आणि राज्यभर गदारोळ उठला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या की जोडाक्षरांत अडखळणाऱ्या मुलांना आकडा जसा दिसतो तसा वाचता यावा. मला ते पटलं. चिडलेल्या पालकांचंही मी समजू शकत होतो. आपल्याला येतं ते मुलांना देता येणार नाही, ही भीती मी आजोबांच्या चेहऱ्यावर पाहिली होती.

त्या वर्षी नात दुसरीत होती. तिचा गृहपाठ मी घेतला नाही. तिला मंडईत नेलं. वांगी ऐंशी रुपये किलो होती आणि आम्हाला हवी होती पाऊण किलो. ती पिशवी धरून थोडा वेळ उभी राहिली.

"अर्ध्याचे चाळीस, पावाचे वीस," ती म्हणाली. "साठ. द्या आजोबा."