अमेरिकेत राहणाऱ्या जोडीदाराचे ग्रीन कार्ड : सही करण्याआधी काय माहीत हवे?

गेल्या पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यातल्या एका मावशींचा फोन आला. "जय भीम ताई. पोरीचे बाबा दवाखान्यात आहेत. पोरीला अमेरिकेतून बोलावून घेऊ का?"

मुलगी शिकायला म्हणून विद्यार्थी व्हिसावर गेली होती. तिथेच अमेरिकेचे नागरिकत्व असलेल्या मुलाशी तिचे लग्न झाले आणि ग्रीन कार्डचा अर्ज दाखल झाला. नवरा म्हणत होता, "जायचं तर जा, फाइल चालूच आहे." पण त्या फाइलीत काय आहे, हे मुलीला ठाऊक नव्हते. दाखवलेल्या जागी तिने सह्या केल्या होत्या. अर्जाची पावतीसुद्धा तिच्याकडे नव्हती.

वकिलाकडून कागद तपासून घेतल्यावर दोन गोष्टी कळल्या. प्रवासाचा परवाना मागितलेलाच नव्हता, त्यामुळे ती विमानात बसली असती तर अर्ज सोडून दिला असे धरले गेले असते. शिवाय विद्यार्थी म्हणून तिचा अधिकृत मुक्काम संपून वर्षाहून जास्त काळ लोटला होता. तशी बाहेर पडली असती तर परत येणे अवघड होण्याचा धोका होता. तिने आजारपणाचे कागद जोडून तातडीने परवाना मागितला, तो हातात आल्यावरच ती आली. तोवर वडील घरी आले होते.

आपल्या समाजातली मुले-मुली आता मोठ्या संख्येने परदेशात शिकायला आणि नोकरीला जातात, तिथे लग्न करतात. परदेशातले स्थळ आले की पगार, घर, शिक्षण सगळे विचारले जाते. व्हिसाबद्दल मात्र "ते करतील सगळं" एवढ्यावर बोलणे संपते. म्हणून ही प्रक्रिया नीट समजून घेऊया.

अर्ज कोणाचा?

अमेरिकेत आधीपासून असलेल्या जोडीदाराला देश न सोडता कायम वास्तव्याचा हक्क मिळण्याच्या प्रक्रियेला 'अॅडजस्टमेंट ऑफ स्टेटस' म्हणतात. हे काम यूएससीआयएस हे सरकारी खाते पाहते. यात दोन मुख्य फॉर्म असतात. आय-१३० हा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदार भरतो. हे आमचे खरे लग्न आहे, असे तो त्यातून सांगतो. आय-४८५ हा ज्याला ग्रीन कार्ड हवे आहे त्याचा स्वतःचा अर्ज असतो. म्हणजे "नवऱ्याने माझी फाइल टाकली" हे अर्धेच खरे आहे. आय-४८५ वरची सही तुमची असते आणि त्यातल्या प्रत्येक उत्तराची जबाबदारीही तुमची असते.

जोडीदार नागरिक असेल तर दोन्ही फॉर्म एकत्र भरता येतात. अर्जदाराने देशात रीतसर, म्हणजे अधिकाऱ्याच्या तपासणीतून प्रवेश केलेला असावा लागतो. तसा प्रवेश असेल तर नंतर व्हिसाची मुदत संपली किंवा परवान्याशिवाय काम केले, एवढ्यावरून नागरिकाच्या जोडीदाराचा अर्ज सहसा अडत नाही. जोडीदार फक्त ग्रीन कार्डधारक असेल तर ही सवलत नाही. तिथे रांग असते, आणि आपला नंबर येईपर्यंत व्हिसाची वैधता टिकवावी लागते.

एच-१बी व्हिसावर असलेला नवरा ना नागरिक असतो, ना ग्रीन कार्डधारक. तो लग्नाच्या आधारे बायकोसाठी आय-१३० भरू शकत नाही. एच-४ वर असलेल्या बायकोचे ग्रीन कार्ड त्याच्या नोकरीच्या अर्जाला जोडलेले असते, आणि भारतीयांसाठी ती रांग फार लांब आहे. स्थळ पाहताना "ग्रीन कार्ड होणारच आहे" असे कोणी म्हणाले तर विचारा : कोणत्या आधारावर, आणि अर्ज आज कोणत्या टप्प्यावर आहे?

आणखी एक. पर्यटक व्हिसा घेताना मनात कायम राहण्याचा बेत असेल आणि अधिकाऱ्याला "फिरायला आलो" असे सांगितले असेल, तर ती खोटी माहिती ठरू शकते. एजंट हा रस्ता सोपा म्हणून सुचवतात. फसलात तर भोगावे तुम्हालाच लागते.

पैशाचा प्रश्न

नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदार आय-८६४ या फॉर्मवर आर्थिक हमी देतो. त्याचे उत्पन्न सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. कमी पडले तर दुसरा माणूस सहहमीदार होऊ शकतो. ही हमी कायद्याने बांधणारी असते आणि घटस्फोट झाला म्हणून ती संपत नाही, हे बायकांनी लक्षात ठेवावे.

१ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार आय-४८५ ची फी १,४४० डॉलर आहे. आय-१३० ची फी कागदी अर्जासाठी ६७५, ऑनलाइन ६२५ डॉलर. वर्क परमिट आणि प्रवास परवान्याची फी वेगळी. यूएससीआयएसने नेमलेल्या डॉक्टरकडून आरोग्य तपासणी करून घ्यावी लागते आणि डिसेंबर २०२४ पासून तिचा अहवाल अर्जासोबतच जोडावा लागतो. दर आणि नियम बदलतात, म्हणून भरण्याच्या दिवशी खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहा.

आपली कागदपत्रे कुठे अडतात

लग्न जिथे झाले तिथल्या कायद्याने ते वैध असावे लागते. आपल्याकडे विहारात किंवा मांडवात भंतेजी अथवा बौद्धाचार्यांच्या साक्षीने लग्न लागते आणि संस्थेचे प्रमाणपत्र मिळते. ते जपून ठेवा, पण त्यावर थांबू नका. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतील विवाह निबंधकाकडे नोंदणी करून सरकारी प्रमाणपत्र घ्या. हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्धांनाही लागू होतो. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करता येते.

आधी लग्न झालेले असेल तर ते कायदेशीर संपल्याचा पुरावा लागतो. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेल्या फारकतीवर विसंबू नका. कोर्टाचा हुकूमनामा मिळवा.

जन्माचा दाखला हा दुसरा अडसर. अनेकांची जन्मनोंद गावात झालेलीच नसते किंवा दाखल्यावर बाळाचे नाव नसते. अशा वेळी नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला, जन्माची माहिती असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे असा पुरावा जोडावा लागतो. हे काम गावातून व्हायला महिने लागतात, म्हणून आधीच सुरू करा.

तिसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे मुलीच्या नावामागे वडिलांचे नाव असते, लग्नानंतर नवऱ्याचे नाव आणि आडनाव येते. कुठे आडनाव बदललेले असते, कुठे इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे असते. आतापर्यंत वापरलेली सगळी नावे फॉर्मवर लिहा आणि बदलाचा पुरावा द्या. शाळेच्या दाखल्यावर एक जात-धर्म आणि इतर कागदांवर 'बौद्ध' असेल तर घाबरू नका. आय-४८५ मध्ये जात किंवा धर्म विचारत नाहीत.

मराठी कागदाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतरकाराने लिहून सही करावी लागते.

चळवळीतल्या कार्यकर्त्यांसाठी

आय-४८५ मध्ये विचारले जाते की तुम्ही कधी कोणत्या संघटनेचे, पक्षाचे किंवा मंडळाचे सभासद होता का. विद्यार्थी संघटना, महिला मंडळ, वाचनालय समिती, सगळे लिहा. कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदत्वाबद्दल वेगळा प्रश्न असतो. तो लागू होत असेल तर वकिलाशिवाय उत्तर लिहू नका.

तुम्हाला कधी अटक झाली का, ताब्यात घेतले का, गुन्हा दाखल झाला का, हेही विचारतात. जानेवारी २०१८ मध्ये कोरेगाव भीमाच्या हिंसाचारानंतर झालेल्या बंदमध्ये आपल्या अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. काही नंतर मागे घेतले गेले. "केस तर संपली" म्हणून 'नाही' लिहिणे ही मोठी चूक ठरते. आंदोलनातली अटक सांगितली म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, पण लपवलेली गोष्ट उघड झाली तर ती फसवणूक धरली जाऊ शकते. एफआयआर, दोषारोपपत्र आणि केस मागे घेतल्याचा किंवा निर्दोष सुटल्याचा कोर्टाचा आदेश यांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा.

अर्ज दिल्यानंतर

बोटांचे ठसे होतात, पुढे दोघांना मुलाखतीला बोलावले जाऊ शकते. लग्न खरे आहे हे दाखवायला दोघांच्या नावाचा घरभाडे करार, बँक खाते, विमा, कर विवरण, घरच्यांसोबतचे फोटो लागतात. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवावे लागते. प्रलंबित काळात आय-७६५ भरून वर्क परमिट मागता येते. देशाबाहेर जायचे तर आधी आय-१३१ भरून प्रवास परवाना घ्यावा. वैध एच किंवा एल व्हिसावाल्यांना यात काही सवलत आहे. इतरांनी परवाना हातात आल्याशिवाय तिकीट काढू नये.

ग्रीन कार्ड मिळाले त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर ते सशर्त, दोनच वर्षांचे असते. ते संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा असतो. ही तारीख चुकली तर वास्तव्याचा हक्कच धोक्यात येतो.

"कार्ड हवं ना, मग गप्प राहा"

समुपदेशनात हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. मारहाण होते, पासपोर्ट काढून घेतला जातो आणि वर "अर्ज मागे घेतो" अशी धमकी. अमेरिकेत यावर कायदा आहे. १९९४ च्या महिलांवरील हिंसाचारविरोधी कायद्यामुळे, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकाकडून छळ होत असलेला जोडीदार आय-३६० भरून स्वतःचा अर्ज स्वतः करू शकतो. नवऱ्याची सही लागत नाही आणि खाते त्याला कळवत नाही. पुरुषांनाही हा कायदा लागू आहे. सशर्त कार्ड असेल तर छळाच्या किंवा घटस्फोटाच्या कारणाने आय-७५१ एकटीला भरता येतो. छळ किंवा घटस्फोट झाल्याचे आणि लग्न खऱ्या हेतूने केले होते, हे दाखवावे लागते.

सल्ला मात्र परवानाधारक वकिलाकडून किंवा अमेरिकेच्या न्याय विभागाने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीकडूनच घ्या. ओळखीचा एजंट वकील नसतो.

कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या वस्तीतली मुलगी लग्न करून बाहेर जाते तेव्हा तिच्याकडे पासपोर्ट, पावत्या आणि भरलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत आहे का, ते विचारा. त्याचा एक संच तिच्या स्वतःच्या ईमेलवर असावा, एक माहेरी. भंडाऱ्याच्या त्या मावशींनी आता तसा संच लोखंडी कपाटात ठेवला आहे. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण कोणता कागद कशाचा, हे त्या लेकीला विचारून मराठीत वर लिहून ठेवतात.